एक रुपयाची नोट आणि ४३ पेन्सची रेषा

पहिल्या महायुद्धात नाण्यांचा तुटवडा पडला, म्हणून ब्रिटिश सरकारने भारतात ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट काढली. पुस्तकांत हे एका वाक्यात संपतं. तुम्ही मात्र पुढचा प्रश्न विचारा : नाणी गेली कुठे?

चला, गणित करून बघू. तेव्हाच्या रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी होती. लंडनमध्ये चांदीचा भाव ज्या प्रमाणित औंसावर ठरायचा, त्यात शुद्ध चांदी २८.७७ ग्रॅम. म्हणजे एका औंसात २.६९ रुपयांची चांदी. सरकारी दर होता रुपयाला १६ पेन्स. गुणाकार करा, उत्तर येतं ४३ पेन्स.

भाव याच्या खाली असेपर्यंत रुपया हे नाणं. वर गेला की तोच रुपया नाण्यापेक्षा धातू म्हणून महाग! नाणी वितळवायला सरकारने जून १९१७ मध्येच बंदी घातली होती. ऑगस्टमध्ये भावाने ४३ ओलांडले, तेव्हा दर १७ पेन्स केला. रेषा ४६ च्या आसपास सरकली, पण सप्टेंबरमध्ये भाव ५५ पेन्सवर! कागदाला वितळवण्याची भीती नाही, म्हणून नोट. पुढे अडीच रुपयांचीही आली.

युद्धखर्चामुळे नाण्यांची मागणी वाढली होती, हेही खरंच. म्हणजे ‘तुटवडा’ या एका शब्दात दोन कारणं लपलेली आहेत : मागणी वाढणं आणि असलेली नाणी चलनातून निघून जाणं. दोन्हींचे पुरावे वेगळे, शोधायच्या जागाही वेगळ्या.

तुमच्या विषयात असा गुळगुळीत शब्द कोणता? आधी तो फोडा, मग संदर्भ गोळा करा.