साखर आणि दाब : उभ्याने मोजलेलं बीपी

या आठवड्यात मिठावर लिहिणार होतो. पण सांगलीच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आणि मीठ पुढे ढकललं. त्यांच्या सासऱ्यांचा मधुमेह वीस वर्षांचा. दवाखान्यात बीपी १६०च्या घरात निघालं म्हणून गोळी वाढवली. तेव्हापासून सकाळी अंथरुणातून उठलं की त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. 'मग बीपी वाढलंय म्हणायचं की कमी झालंय?' असं त्या विचारतात.

दोन्ही असू शकतं. मधुमेह्यांचं बीपी नुसतं बसवून मोजायच्या पद्धतीवर माझा जुना राग आहे, तो इथे काढून घेतो.

आडवा माणूस उभा राहिला की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. मानेतल्या मोठ्या धमन्यांत दाबावर नजर ठेवणाऱ्या पेशी असतात. त्यांची वर्दी मेंदूला जाते, मेंदू मज्जातंतूंकरवी रक्तवाहिन्या आवळतो, हृदयाचे ठोके वाढवतो. हे इतकं झटपट होतं की आपल्याला पत्ताही लागत नाही. जुन्या मधुमेहात तळपायांना मुंग्या आणणारी झीज या मज्जातंतूंनाही लागते. मग हुकूम सुटतो, पण पोचत नाही. त्यात गोम अशी, की याच माणसाचा दाब आडवं पडल्यावर चढा राहतो. एरवी झोपेत दाब दहा-वीस टक्के उतरतो, तसा यांचा बऱ्याचदा उतरत नाही.

तेव्हा ताई, असं करा. त्यांना पाच मिनिटं पडून राहू द्या आणि मोजा. मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. शेजारी कुणीतरी धरायला हवंच. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. घरच्या यंत्रावर नाडीचाही आकडा असतो, त्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. दाब घसरूनही नाडी जेमतेम हलली तर संशय मज्जातंतूंवर. ती चांगलीच वाढली तर अंगातलं पाणी कमी झालंय का ते बघायचं. लघवी वाढवणाऱ्या गोळीनेही तसं होतं.

मात्र बीपीची गोळी परस्पर बंद करू नका. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचे बीपीचे निष्कर्ष १९९८ साली आले. मधुमेह्यांच्या एका गटाचा सरासरी दाब १५४/८७ होता, दुसऱ्याचा १४४/८२. एवढ्याशा फरकाने पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाले. गोळी बदलायची, तिची वेळ हलवायची की मात्रा उतरवायची, हे डॉक्टर ठरवतील. त्यांना आडव्याचे आणि उभ्याचे आकडे नाडीसकट लिहून न्या. आणि सासरे प्रोस्टेटसाठी रात्री एखादी गोळी घेत असतील तर तिचं पाकीटही सोबत असू द्या. यातल्या काही गोळ्या उभं राहताना दाब पाडतात, आणि बीपीच्या डॉक्टरांना त्या कुणी सांगितलेल्याच नसतात.