पगार चालवून दाखवा!

तुआस म्हणजे सिंगापूरचे पश्चिम टोक. हिरव्या रेल्वेमार्गाचे शेवटचे स्टेशन तुआस लिंक; त्यापुढे कारखाने, नवे बंदर आणि १९९८ साली खुला झालेला मलेशियाचा दुसरा पूल. आम्ही रोज तिथे नोकरीला जातो आणि महिनाअखेर पगार घेतो. पण पगार 'चालवता' येतो, हे मात्र आम्हांला चाळिशी उलटल्यावर कळले.

झाले असे, की इथल्या शाळांत मातृभाषेच्या जागी हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू यांपैकी एक घेता येते. मराठी त्यांत नाही. आमची कन्या हिंदी शिकते, आणि तिसरी भाषा म्हणून हौसेने स्पॅनिश. एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, पागार म्हणजे पैसे देणे. हा आपलाच पगार का?"

आपलाच! पोर्तुगीज गोव्यात १५१० पासून १९६१ पर्यंत होते, वसईत १७३९ पर्यंत. त्यांच्या साबण, चावी, बटाट्याबरोबर 'पागार' हे क्रियापदही आले आणि आपण त्याचे नाम केले. स्पॅनिशमध्येही तोच शब्द. टेक्सासात एम.एस. करताना दोन वर्षे आम्ही तो कानाने ऐकला, पण डोक्यात काही शिरला नाही.

आता गृहपाठ. शेवटचा 'आर' काढा, प्रत्यय लावा. वर्तमानकाळ: पागो, पागास, पागा, पागामोस, पागाइस, पागान. म्हणजे मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. 'तू'चा 'स' ओळखीचा वाटला ना? आपणही 'तू देतोस' म्हणतो. संस्कृतातल्या 'वदसि'चा 'सि' आणि लॅटिनमधला 'स' मुळात एकच.

भूतकाळ झाला तो: पागे, पागास्ते, पागो, पागामोस, पागास्तेइस, पागारोन. इथेच कन्येचे गुण गेले. 'पा'वर जोर दिला तर 'पागो' म्हणजे मी देतो, 'गो'वर दिला तर त्याने दिले! एक तिरकी रेघ विसरली आणि बिल तिच्या अंगावर आले.

दुसरा भूतकाळ सवयीचा: पागाबा, पागाबास, पागाबा, पागाबामोस, पागाबाइस, पागाबान. इंग्रजीतून हा शिकवताना शिक्षकांची दमछाक होते. आम्ही म्हटले, "अगं, आजोबा पेढे आणायचे, ते हे. आणि तू पास झालीस तेव्हा आणले, ते आधीचं." एका मिनिटात समजले. भविष्यकाळात तर गंमतच. 'आर' काढायचाच नाही: पागारे, पागारास, पागारा, पागारेमोस, पागारेइस, पागारान. भविष्यात पगार शाबूत राहतो, ही एकच भाषा आम्हांला अशी हमी देते.

पण खरी अडचण मराठीची होती. रविवारी आजीला फोनवर ती म्हणाली होती, "मी पैसे दिली." आजी मायेनेच हसली. त्यानंतरचे तीन रविवार कन्या फक्त 'हो', 'नाही', 'बरी आहे' एवढेच बोलली. सौ.च्या ते लक्षात आले. आम्ही मात्र मॅच बघत होतो.

मग तीच वही उलटी धरली. स्पॅनिशमध्ये क्रियापद देणाऱ्याकडे पाहते. मुलगा असो वा मुलगी, रूप एकच. मराठीत वर्तमानकाळात ते देणाऱ्याकडे पाहते: मी देतो, मी देते. भविष्यात 'मी देईन', दोघांना सारखेच. पण भूतकाळात ते दिलेल्या वस्तूकडे तोंड फिरवते: मी हप्ता भरला, मी फी भरली, मी भाडे दिले, मी पैसे दिले. म्हणजे मुलगी असल्यामुळे 'दिली' होत नाही. आम्ही हे जन्मभर बोलत होतो, पण नियम कुणी विचारलाच नव्हता! "मग असं आधी का नाही सांगितलंत?" कन्या म्हणाली. यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

पुढचा आठवडाभर ती वाक्ये पाठ करत होती, घरात, बसमध्ये, लिफ्टमध्ये. रविवारी फोन आजीने नाही, तिने लावला.

"आजी, मी स्पॅनिशचं पुस्तक घेतलं. पैसे मी दिले!"

"अगं बाई," आजी म्हणाली, "तुला पगार कधीपासून सुरू झाला?"