त्यांचाही एक समुदाय आहे

मानोऱ्यात वस्ती कुठे संपली आणि शेत कुठे सुरू झाले, हे आता पटकन सांगता येत नाही. गावाबाहेर प्लॉट पडले, घरे उभी राहिली. शेतकऱ्याला रोही आणि रानडुक्कर यांचा त्रास आहेच. रात्र-रात्र जागून राखलेली तूर एका रात्रीत आडवी होते, तेव्हा मनात राग येणे स्वाभाविक आहे. शेजारच्या कारंजा तालुक्यात काळविटांसाठी कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे, पण ते जेमतेम 18 चौरस किलोमीटरचे. प्राण्यांना त्याची हद्द कशी कळणार?

पवित्र कुरआनच्या सूरह अल-अनआममध्ये (6:38) पशू-पक्ष्यांना आपल्यासारखेच समुदाय म्हटले आहे. मग या शेजाऱ्यांसोबत राहायचे कसे?

मुंबईकडे पाहा. सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला इमारतींनी वेढले आहे, तरी तिथे बिबटे राहतात. ते वस्तीकडे येतात ते मुख्यतः कुत्र्यांसाठी, आणि कुत्री जमतात कचऱ्यामुळे. अकोले तालुक्यातील शेतशिवारात डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा, जवळपास 39 टक्के, पाळीव व भटक्या कुत्र्यांचा आढळला. मग बिबटे पकडून दूर सोडले तर? जुन्नर भागातले बिबटे असे दुसरीकडे सोडले, तेव्हा त्या नव्या ठिकाणी माणसांवरील हल्ले वाढले.

म्हणजे उपायाची सुरुवात पिंजऱ्यापासून नाही, उकिरड्यापासून होते. आणि इथे आपली जबाबदारी मोठी आहे. मटण-चिकनच्या दुकानांतला कचरा आणि बकरी ईदला आतडी, ओझडी उघड्यावर पडली, की कुत्री, डुकरे आणि उंदीर वाढतात. उंदरांमागे साप येतो. कुर्बानीचे अवशेष खोल खड्ड्यात पुरावेत किंवा नगरपंचायतीच्या गाडीतच द्यावेत. वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचा भाग आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण मुलांना सांगतो. ती ईदच्या संध्याकाळीही आठवावी.

शेतकरी बांधवांनी कुंपणात वीज सोडू नये. त्यात रोही मरतो, तसा शेजाऱ्याचा मुलगाही मरू शकतो. पिकाचे नुकसान झाले, तर तीन दिवसांच्या आत वन विभागाकडे अर्ज करावा. भरपाई हा आपला हक्क आहे. वस्तीत वन्यप्राणी शिरल्यास घोळका करून त्याला घेरू नये, दगड मारू नयेत. 1926 या वन विभागाच्या क्रमांकावर कळवावे.

तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला अल्लाहने माफ केले, आणि मांजरीला कोंडून उपाशी मारणारी स्त्री शिक्षेस पात्र ठरली. हे दोन्ही प्रसंग हदीसमध्ये आहेत. उन्हाळ्यात अंगणात पाण्याचे एक भांडे ठेवायला काय लागते? मात्र खाऊ घालून वानरांना घराची सवय लावू नका, त्यात त्यांचेही भले नाही.

अल्लाह आपल्याला त्याच्या सृष्टीशी दयेने वागण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.