बसा, डाव मांडते

सकाळी ६.००

आधी डबा. पोळीचे दोन रोल, एक सफरचंद, भाजलेले शेंगदाणे, लिटरभर पाण्याची बाटली आणि खिशात ज्येष्ठमधाच्या काड्या. आज दिवसभर बोलायचे आहे. घसा शाबूत राहिला की बाकीचे सगळे निभते.

डुसेलडॉर्फला मी नोकरी करते, पण ऑक्टोबरातल्या या रजेचा अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच देऊन ठेवते. गुरुवार ते रविवार असे चार दिवस शेजारच्या एसेन शहरात ‘श्पील’ भरते. पटावरच्या आणि पत्त्यांच्या खेळांचे एवढे मोठे प्रदर्शन जगात दुसरे नाही. तिथल्या एका छोट्या प्रकाशकाच्या स्टॉलवर मी लोकांना खेळ शिकवते. मानधन बेताचेच, शिवाय शेवटी दोन-तीन खेळ घरी नेता येतात. आज शुक्रवार, म्हणजे दुसरा दिवस.

७.३०

एसेनच्या गाडीत आज ओळखू येणारी माणसे बसली आहेत. प्रत्येकाच्या पायाशी चाकांची रिकामी बॅग आणि हातात हॉलचा नकाशा. एसेन स्टेशनवर उतरून ‘यू ११’ ही भुयारी गाडी धरायची, ती थेट प्रदर्शनाच्या दाराशी सोडते. पहिल्यांदा येणाऱ्याने गाडीने यावे, मोटार आणू नये. आणि तिकीट घरूनच ऑनलाइन काढावे. २०२४ मध्ये चार दिवसांत दोन लाखांहून जास्त लोक आले होते. दारावर मिळेल या भरवशावर लांबून निघणे धोक्याचे. राहायची सोयही लवकर करावी. या आठवड्यात एसेनमधल्या हॉटेलांचे दर चढलेले असतात, म्हणून बरेच जण आसपासच्या गावांत उतरतात.

८.३०

हॉलमध्ये अजून दिवे अर्धेच लागलेले. आमच्या स्टॉलवर चार टेबले. काल रात्री मोडलेले डाव परत मांडायचे: लाकडी जहाजे रंगाप्रमाणे वेगळी करायची, मसाल्यांचे ठोकळे वाट्यांत भरायचे, पत्ते पिसून ठेवायचे. नंतर प्रत्येक टेबलावरच्या सोंगट्या मोजायच्या. एक जरी कमी असली तर तिसऱ्या फेरीत डाव अडतो आणि चार माणसांची पाऊण तासाची मेहनत वाया जाते.

हे काम मला फार आवडते. या प्रदर्शनाचा सगळा जीव टेबलांत आहे, खोक्यांच्या थप्पीत नाही. १९८३ मध्ये याची सुरुवात झाली तीच मुळी खेळणाऱ्यांचा मेळावा म्हणून. फ्रिडहेल्म मेर्त्स या गृहस्थांनी एसेनच्या प्रौढ शिक्षण केंद्रात लोकांना एकत्र बोलावले, या आणि खेळा म्हणून. न्यूरेंबर्गचे खेळण्यांचे प्रसिद्ध प्रदर्शन व्यापाऱ्यांसाठी असते, तिथे सामान्य माणसाला प्रवेश नाही. एसेनला मात्र कुणीही तिकीट काढून यावे, खुर्ची ओढावी आणि ज्याने खेळ तयार केला त्याच्याच समोर बसून तो खेळावा. मेर्त्स १९९६ मध्ये वारले, जागा बदलली, व्यवस्थापनही बदलले, पण खुर्ची ओढून बसायची ही मोकळीक टिकली. पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला मला हेच सांगायचे असते, की बघत फिरू नका, बसा.

१०.००

दारे उघडली. पहिली पाच मिनिटे पळणाऱ्यांची. ज्या खेळांच्या मोजक्याच प्रती आल्या आहेत, त्यांच्या स्टॉलकडे ही माणसे धावतात. तुम्हाला एखादा असा खेळ हवाच असेल, आणि तो छोट्या परदेशी प्रकाशकाचा असेल, तर तुम्हीही आधी तिकडेच जा, कारण तो नंतर दुकानात मिळेलच असे नाही. मोठ्या प्रकाशकांच्या खेळांसाठी मात्र सकाळचा हा सोन्यासारखा तास रांगेत घालवू नका. ते पुढच्या काही महिन्यांत दुकानांत येतात. दहा ते अकराच्या दरम्यान टेबले रिकामी असतात. ही वेळ खेळायची.

१०.१०

पहिले चौघे बसले. दोन पोलिश मित्र आणि एक जर्मन जोडपे, एकमेकांना अनोळखी. आता माझी खरी कसोटी.

खेळ समजावणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि त्याला मिळायला हवा तेवढा मान मिळत नाही. नियमपुस्तिका पहिल्या पानापासून वाचून दाखवली की समोरच्याचे डोळे तिसऱ्या मिनिटाला जड होतात. मी शेवटापासून सुरू करते. कोण जिंकते? ज्याच्याकडे शेवटी सर्वांत जास्त गुण असतील तो. गुण कशाचे? बंदरात पोहोचवलेल्या मालाचे. माल पोहोचतो कसा? जहाजाने. मग आपल्या पाळीला काय करता येते? तीन गोष्टी: माल भरणे, जहाज हलवणे, नवा पत्ता घेणे. एवढे सांगून होते तोवर हातात जहाज द्यायचे आणि पहिली पाळी खेळायला लावायची. अपवाद, विशेष पत्ते, बरोबरी झाली तर काय, हे सगळे जेव्हा समोर येईल तेव्हा. आणि बोलताना प्रत्येक वस्तू उचलून दाखवायची. ‘मिरी’ असे नुसते म्हटले तर काळा ठोकळा कुणाच्या ध्यानात राहत नाही. हातात दिला की राहतो.

पहिली चाल सहसा कुणी करत नाही, चुकायची भीती असते. अशा वेळी मी पट्‌कन म्हणते, ही फेरी मोजायची नाही. लगेच खांदे सैल पडतात. जर्मन बाईंनी दोन्ही जहाजे एकाच बंदराकडे हाकली, पोलिश पोराने त्यांच्या पुढे जाऊन जागा अडवली, आणि चौघेही हसले. तिथून पुढे त्यांना माझी गरज उरली नाही.

बसणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. हा पहिलाच अनुभव असेल तर ते आधीच सांगा. आम्हाला त्याचा आनंदच होतो आणि आम्ही वेग कमी करतो. आणि डाव पुरा करण्याचे बंधन नाही. दोन फेऱ्यांत खेळ आवडत नाही असे कळले तर चौघांनी मिळून तसे सांगावे आणि उठावे. रागवायचे कारण नसते, मागे दुसरे उभे असतात. एकट्यानेच मधे उठून जाणे मात्र बरे नाही, उरलेल्यांचा डाव मोडतो.

१२.१५

‘‘अहो, तुम्ही मराठी आहात का?’’ माझ्या गळ्यातल्या बिल्ल्यावरचे आडनाव वाचून कुणीतरी विचारले. नेदरलँड्सहून आलेले कुटुंब. नवरा-बायको, अकरा-बारा वर्षांची मुलगी आणि पुण्याहून त्यांच्याकडे आलेल्या आजी, साडीवर स्वेटर आणि पायांत चांगले जाड तळव्यांचे बूट.

‘‘ताई, आम्ही पहिल्यांदाच आलोय,’’ बाई म्हणाल्या. ‘‘दोन तास नुसते चालतोय. कुठून सुरुवात करायची तेच कळेना.’’

यजमानांच्या हातात चाळीसेक खेळांची यादी होती. मी पेन घेऊन त्यांना म्हटले, यातले पाच ठेवा. त्यांना ते जड गेले, पण मोठ्या खेळाला शिकण्यासकट दोन तास लागतात. टेबल रिकामे होईपर्यंतची वाट वेगळी. दिवसात चार डाव झाले तर दिवस सार्थकी लागला. उरलेल्या पाचांपुढे हॉलचा आकडा आणि स्टॉलचा क्रमांक लिहायला लावला, आणि एकाच हॉलमधले एका ओळीत. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गर्दीतून जायला अर्धा तास सहज मोडतो. भाषेचे बघून घ्या, असेही सांगितले. जर्मन आवृत्तीत इंग्रजी नियम असतातच असे नाही, आणि पत्त्यांवर मजकूर असेल तर नुसत्या नियमांच्या भाषांतराने भागत नाही. खरेदीच्या आधी खोक्याची मागची बाजू वाचावी. आणि थोडी रोकड जवळ असावी. छोट्या स्टॉलवर कार्डाचे यंत्र असेलच असे नाही, किंवा असले तरी गर्दीत नेटवर्क जाते. त्याच कारणाने चुकामूक झाली तर कुठे भेटायचे हेही फोनच्या भरवशावर न ठेवता सकाळीच ठरवावे.

‘‘काकू, हा कितव्या वर्षापासून खेळतात?’’ मुलीने विचारले. खोक्यावर दहा लिहिले होते.

‘‘तू बस. आजी, तुम्हीही बसा.’’

‘‘मला कुठलं गं जमायचं,’’ आजी म्हणाल्या, पण खुर्ची ओढूनच. लहानपणी त्यांच्या घरी सारीपाट होता, कापडी, आणि दान कवड्यांनी पडे. मी त्यांना इथल्या घराघरांत असलेल्या एका खेळाची गोष्ट सांगितली. योझेफ फ्रीडरिश श्मिट नावाच्या माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या पचिसीच्या वंशातला एक सोपा पट म्युनिकमध्ये मुलांसाठी तयार केला. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर त्याने त्याचे ३,००० संच लष्करी इस्पितळांत पाठवले; जखमी सैनिकांनी ते खेळले आणि नंतर खेळ घरोघर गेला. ‘मेन्श एर्गेरे दिश निश्त’ हे नाव इथे आजही कुणालाही विचारावे. ‘‘म्हणजे सोंगटी मारतात का यात?’’ आजींनी विचारले. मारतात, आणि मेलेली घरी जाते. आजींचे समाधान झाले.

त्या सावकाश खेळल्या आणि मिरीचे बंदर शेवटपर्यंत कुणाला सोडले नाही. नातीला दोनदा वाट बदलावी लागली. डाव नातीनेच जिंकला, चार गुणांनी. मला सर्वांत भावले ते हे, की पूर्ण तासभर दोघी एकमेकींच्या चालीवर बोलत होत्या, मराठीतून, आणि शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघत होते.

२.००

जेवण. दुपारी बारा ते दीड खाण्याच्या रांगा पाहण्यासारख्या असतात. करीवुर्स्ट आणि बटाट्याच्या काड्यांसाठी माणसे मुकाट उभी. दोननंतर निवांत मिळते. मी मागच्या खोलीत रोल खाते.

त्याच खोलीत आज एक तरुण आपला स्वतः बनवलेला खेळ घेऊन बसलाय. पुठ्ठा, चिकटपट्टी, हाताने लिहिलेले पत्ते. प्रकाशकांशी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या भेटी तो आधी ठरवून आला आहे. गुरुवारी-शुक्रवारी अशी बरीच माणसे प्रदर्शनात असतात. खेळ घडवणाऱ्याचे नाव खोक्यावर छापले जावे ही आज साधी गोष्ट वाटते, पण ती मागावी लागली होती. १९८८ मध्ये १३ जणांनी बियरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर लिहून सह्या केल्या, की खोक्यावर नाव नसेल तर आम्ही त्या प्रकाशकाला खेळ देणार नाही. तीन वर्षांनी, १९९१ मध्ये, त्यांची संघटना झाली. क्लाउस टॉयबर हे दातांच्या कवळ्या बनवणारे तंत्रज्ञ होते. त्यांनी १९९५ मध्ये ‘कटान’ हा खेळ आणला तेव्हा खोक्यावर त्यांचे नाव होते. पुस्तक लेखकाच्या नावाने विकत घेतो तसा मी खेळ त्याच्या कर्त्याच्या नावाने घेते. नव्याने येणाऱ्यांनीही हे करून पाहावे: एक खेळ आवडला की त्याच माणसाचे दुसरे कुठले ते शोधावे. तो स्वतःच समोरच्या स्टॉलवर सही करत बसलेला असू शकतो.

३.००

सर्वांत दाटीचे तास. चारही टेबले भरलेली, मागे तीन गट उभे. उभे राहणाऱ्याने अवघडू नये. सरळ विचारावे, किती वेळ आहे, आम्ही पुढचे का? खेळणाऱ्यांनाही ते चालते. एकटे आलेल्याने तर विचारायलाच हवे. चौघांच्या खेळाला तिघे बसलेले असतात आणि त्यांना भिडू हवा असतो. आता एक फ्रेंच बाई तशाच बसल्या, दोन कोरियन मुलांबरोबर. तिघांना मिळून जेमतेम पन्नास इंग्रजी शब्द येत असतील. डाव उत्तम चालला.

५.००

आवाज बसू लागला. ज्येष्ठमध. सहकाऱ्याशी अदलाबदल केली, मी गल्ल्यावर बसले. या वेळी माणसे दमून भराभर विकत घेतात. मी विचारते, खेळलात का? नसेल तर म्हणते, रविवारी गर्दी उतरते, तेव्हा निवांत खेळा आणि मग घ्या. प्रकाशक मला यावरून काही बोलत नाही. न खेळता नेलेला खेळ कपाटात पडून राहिला तर आपल्यालाही त्याचा उपयोग नाही, हे त्याला पटलेले आहे.

७.००

बंद. सोंगट्या मोजल्या, एक पिवळे जहाज टेबलाखाली सापडले. हात साबणाने धुतले, दिवसभर शेकडो हातांतले ठोकळे हाताळले होते. या चार दिवसांनंतर निम्म्या लोकांना सर्दी होते, तेव्हा तेवढी काळजी घ्यावीच.

८.३०

जवळच्या हॉटेलात खालच्या दालनात जागा नाही. प्रत्येक टेबलावर दिवसा विकत घेतलेले नवे खेळ उघडलेत, पुठ्ठ्यातून सोंगट्या सुट्या करण्याचे काम चालू आहे. मला दहाच्या गाडीने परतायचे आहे, उद्या शनिवार, सर्वांत गर्दीचा. पण कोपऱ्यातल्या टेबलावर तिघे नियमपुस्तिकेत डोके खुपसून बसलेत आणि त्यांचे एका नियमावर अडले आहे. हा खेळ मला येतो. त्यांनी चौथी खुर्ची माझ्याकडे सरकवली.