वेग, उष्णता आणि विवेक : ‘टायकान’ या विद्युत-मोटारगाडीची जडणघडण

विजेवर चालणारी मोटारगाडी हे अगदी अलीकडचे अपत्य आहे, असा एक सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. ताशी १०० किलोमीटरची मर्यादा प्रथम ओलांडणारी मोटारगाडी विजेवरच धावत होती. १८९९ साली कामीय जनात्झी या बेल्जियन गृहस्थाने फ्रान्समध्ये तो विक्रम केला. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात व्हिएन्नाच्या लोनर कंपनीने एक गाडी मांडली. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या तुंब्यांतच विद्युत-मोटारी बसविलेल्या होत्या. तिचा रचनाकार होता पंचविशीच्या उंबरठ्यावरचा फर्डिनांड पोर्शे.

ती वाट पुढे खुंटली, याचे कारण वजन. शिशाच्या बॅटरीचाच भार चारशे किलोंवर होता आणि तरीही गाडी फार दूर जाऊ शकत नसे. त्याच वजनाच्या पेट्रोलमध्ये कितीतरी पट अधिक ऊर्जा साठलेली असते. स्वतः पोर्शे यांनीही लवकरच गाडीत वीज निर्माण करण्यासाठी पेट्रोलचे इंजिन जोडले. पुढचे शतक पेट्रोलचे ठरले.

त्यांच्याच नावाच्या जर्मन कंपनीने २०१५ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात एका विद्युत-गाडीचा नमुना ठेवला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ती ‘टायकान’ या नावाने जगापुढे आणली. भाषेच्या अभ्यासकाला हे नाव थबकायला लावते. तुर्की भाषेत ‘ताय’ म्हणजे शिंगरू आणि ‘जान’ म्हणजे प्राण. हा ‘जान’ मूळचा फारसी, आणि आपल्या मराठीतही तो फारसीतूनच आलेला. ‘चैतन्याने मुसमुसलेला तरुण घोडा’ असा या नावाचा आशय. ही गाडी ज्या श्टुटगार्ट शहरात तयार होते, त्याच्या नावातही ‘घोड्यांची बाग’ दडलेली आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अशी गाडी घडविण्यात अवघड ते काय? वेग, असे उत्तर सहज सुचते. पण ते खरे नाही. विद्युत-मोटार जागेवरून हलतानाच आपला संपूर्ण जोर देऊ शकते. तिला एकदा वेगाने धावविणे तुलनेने सोपे. तोच वेग पुनःपुन्हा, क्षीण न होता देणे अवघड. कारण प्रत्येक झेपेबरोबर तारा, मोटारी आणि बॅटरी तापत जातात. तापलेल्या बॅटरीला जपण्यासाठी यंत्रणा स्वतःच शक्ती आखडती घेते. खरा झगडा उष्णतेशी आहे.

या झगड्यात टायकानच्या अभियंत्यांनी केलेली निवड मूलगामी होती. त्या वेळी बहुतेक विद्युत-गाड्या सुमारे ४०० व्होल्टवर चालत; त्यांनी ८०० व्होल्ट स्वीकारले. शक्ती म्हणजे विद्युतदाब आणि विद्युतप्रवाह यांचा गुणाकार. दाब दुप्पट केला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह निम्मा पुरतो. तारेत निर्माण होणारी उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून प्रवाह निम्मा झाला की त्याच तारेतील उष्णता एक-चतुर्थांशावर येते. २७० किलोवॅट शक्तीने बॅटरी भरायची, तर ४०० व्होल्टला सुमारे ६७५ अँपिअर लागतील. ८०० व्होल्टला सुमारे ३४० पुरतात. तारा बारीक झाल्या, वजन घटले आणि अनुकूल परिस्थितीत बॅटरी पाच टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत साडेबावीस मिनिटांत भरू लागली. २०२४ च्या सुधारित आवृत्तीत दहा ते ऐंशी टक्क्यांसाठी अठरा मिनिटांचा दावा आहे.

इतर युक्त्याही याच सूत्राला धरून आहेत. मोटारीतील तांब्याची तार गोल न ठेवता चौकोनी घेऊन केसांच्या आकड्यासारखी वाकविली. त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक तांबे मावले आणि ते थंड ठेवणे सुकर झाले. मागच्या आसाला दोन गिअर दिले : एक झेपेसाठी, दुसरा दीर्घ वेगासाठी. नेहमीच्या वापरात ब्रेकचे बहुतांश काम मोटारीच करतात आणि एरवी उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत जाते.

परीक्षाही तशीच घेतली गेली. २०१९ साली एका पूर्वनमुन्याने थांबलेल्या स्थितीतून ताशी २०० किलोमीटरपर्यंतची झेप सलग २६ वेळा घेतली. सर्वांत जलद आणि सर्वांत मंद झेपेत अंतर होते अवघे ०.८ सेकंद. इटलीतील नार्दो येथे कडक उन्हाळ्यात चोवीस तासांत ३,४२५ किलोमीटर अंतर कापले गेले.

तरीही १९०० सालचा प्रश्न पुरता सुटलेला नाही. पहिल्या टायकानची मोठी बॅटरी सुमारे ६३० किलो वजनाची होती. तिच्यात साठणारी वीज, आपल्या वीजबिलाच्या भाषेत, ९३.४ युनिट. आणि वीज कोळशाची असेल, तर गाडीमागचा धूर नाहीसा होत नाही. तो वीजकेंद्राच्या चिमणीतून निघतो.

धनिकांच्या या वाहनाचे आपल्याला काय, असे कोणी विचारील. ८०० व्होल्टची रचना २०२१ मध्ये ह्युंदाईच्या ‘आयोनिक ५’ सारख्या कितीतरी कमी किमतीच्या गाडीतही आली. महागड्या वस्तूत सिद्ध झालेले ज्ञान असे खाली झिरपते, तेव्हाच ते समाजाचे होते. शाळेच्या दृष्टीने तर यात आणखी एक आश्वासन आहे. या कोट्यधीशांच्या गाडीच्या मुळाशी असलेला नियम जेम्स ज्यूल याने १८४१ साली मांडला आणि आजही तो आपल्या माध्यमिक वर्गांच्या फळ्यावर लिहिला जातो. तो केवळ गुणांसाठी पाठ करावयाचा, की त्यातून काही घडवावयाचे, हे त्या फळ्यासमोर बसलेल्यांनी ठरवायचे आहे.