बिंबाणुविरोधी आत्मप्रतिपिंडे
बिंबाणुविरोधी आत्मप्रतिपिंडे : शरीराने स्वतःच्याच बिंबाणूंविरुद्ध (रक्तस्राव थांबविण्यास मदत करणाऱ्या रक्तातील सूक्ष्म केंद्रकहीन घटकांविरुद्ध) तयार केलेली प्रतिपिंडे. निरोगी व्यक्तीच्या दर घ. मिमी. रक्तात सु. १·५ ते ४·५ लाख बिंबाणू असतात. प्रतिपिंडे चिकटलेले बिंबाणू मुख्यत्वे प्लीहेतील महाभक्षी कोशिका गिळून टाकतात. अस्थिमज्जेतील जनक कोशिकांवरही आघात होत असल्याने तूट नीट भरून निघत नाही. त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटतात. हिरड्यांतून व नाकातून रक्त येते. मेंदूतील रक्तस्राव विरळा, पण प्राणघातक ठरू शकतो.

दोष रुग्णाच्या रक्तातच असतो, हे डब्ल्यू. जे. हॅरिंग्टन या अमेरिकन वैद्यांनी १९५० मध्ये सेंट लूइस येथे स्वतःवर प्रयोग करून दाखविले. त्यांनी एका रुग्णाचे सु. ५०० मिलि. रक्त टोचून घेतले. काही तासांतच त्यांचे बिंबाणू जवळजवळ नाहीसे झाले व त्यांना फेफऱ्यासारखा झटका आला. काही दिवसांनी प्रकृती पूर्ववत झाली. प्रयोग अविचाराचा म्हणावा असाच होता, परंतु त्याने जुना वाद मिटला.

कधीकधी बिंबाणूंची संख्या पुरेशी असूनही रक्तस्राव थांबत नाही. फायब्रिनोजेन हे प्रथिन बिंबाणूंवरील ज्या ग्लायकोप्रथिनाला चिकटून त्यांना परस्परांशी जोडते, तेच प्रतिपिंडांनी अडविलेले असते. अशा वेळी केवळ बिंबाणूंची मोजणी फसवी ठरते. ते एकत्र गोळा होतात की नाही, हेही तपासावे लागते. कॉर्टिकोस्टेरॉइडे व शिरेतून दिलेले इम्युनोग्लोब्युलिन यांनी बिंबाणूंचा नाश मंदावतो. बिंबाणूंचे कार्य आणखी मंदावणारे ॲस्पिरिन अशा रुग्णांनी सामान्यतः वर्ज्य करावे लागते.