थायमस ग्रंथीची ओस पडलेली शाळा

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस लहानपणीं गोंवर किंवा कांजिण्या येऊन गेल्या असतील, व चार दिवसांनीं ते पुनः खेळूं लागले असतील. परंतु अमेरिकेंत सुमारें ५८,००० जन्मांमागें एक बालक असें निपजतें कीं, त्यास साधें पडसेंहि प्राणघातक होतें. तें कां, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

हाडांतील मज्जेंत जन्मलेल्या कांहीं कोवळ्या पेशी छातीच्या अस्थीमागील थायमस ग्रंथींत जातात. ही त्यांची शाळाच होय. येथील परीक्षा आमच्या परीक्षेहून फारच कडक. शेंकडा नव्वदांहून अधिक पेशी नापास होऊन तेथेंच नाश पावतात! उत्तीर्ण होतात त्या टी-पेशी. त्यांच्या वाढीस इंटरल्यूकिन-७ नामक द्रव्य लागतें, व तें ओळखणारा ग्राहक पेशीच्या अंगावर असतो. त्या ग्राहकाचा एक भाग घडविणारें जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. तें बिघडलें म्हणजे द्रव्य विपुल असूनहि पेशी उपाशीच, व शाळा ओस पडते. बी-पेशी पुष्कळ असतात खऱ्या. पण टी-पेशींच्या साह्यावांचून त्या निरुपयोगी ठरतात. मुलग्यांस एक्स गुणसूत्र एकच असल्यामुळें हा प्रकार बहुधा त्यांच्यांतच दिसतो.

टेक्सस संस्थानांत १९७१ सालीं जन्मलेला डेव्हिड व्हेटर असाच होता. निर्जंतुक प्लास्टिकच्या कोठडींत त्यानें बारा वर्षें काढिलीं. १९८३ सालीं बहिणीची मज्जा त्यास देण्यांत आली. परंतु तींत एक विषाणु लपलेला होता. त्यापासून कर्करोग होऊन फेब्रुवारी १९८४ मध्यें तो वारला. शेवटच्या दिवसांत त्यास बाहेर काढिलें, तेव्हां कोठें आईस हातमोज्यांवांचून त्याला स्पर्श करितां आला. बिघडलेलें जनुक ओळखलें गेलें तें १९९३ सालीं.

आतां टांचेंतील रक्ताच्या थेंबावरून हा रोग जन्मतःच ओळखतां येतो, व पहिल्या तीनचार महिन्यांत मज्जा दिल्यास बहुतेक बालकें वांचतात. आमच्या देशांत मात्र सर्व नवजात बालकांची अशी तपासणी होत नाहीं. उलट क्षयप्रतिबंधक बी. सी. जी. लस जन्मतांच टोंचतात. तींतील दुर्बल पण जिवंत जंतु निरोगी बालकास बाधत नाहींत. या बालकांच्या मात्र सर्वांगांत पसरतात. म्हणून आईच्या माहेरीं मुलगे तान्हेपणींच दगावले असतील, तर तें टोंचण्यापूर्वीं डॉक्टरांच्या कानांवर घालावें.